दुसरी डिस्क

पिक्चर संपला की आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात. नवरा लगेच उठून लाईट लावतो, आळस देतो आणि "चला, झोपा आता" म्हणून जाहीर करतो. मी जागची हललेली नसते, कारण डबीतली दुसरी डिस्क अजून तशीच असते ना!

"अगं संपला की पिक्चर."

"पिक्चर संपला, डिस्क कुठे संपलीय?"

यावर तो काही बोलत नाही, फक्त जाताना पंखा एक नंबरने कमी करून जातो. निषेध म्हणून असावा बहुतेक.

ज्यांनी सगळं स्ट्रीमिंगवरच बघितलंय त्यांना हे प्रकरण कळायचं नाही म्हणून सांगते. काही पिक्चरच्या डबीत दोन डीव्हीडी असायच्या, एकीवर पिक्चर आणि दुसरीवर तो कसा बनवला त्याच्या गोष्टी, कापलेले सीन, असे एक्स्ट्रा. डीव्हीडी म्हणजे बारा सेंटीमीटरची तबकडी, एका थरात ४.७ जीबी मावायचे आणि दोन थर असतील तर ८.५. दोन थरवाली असली की पिक्चर अगदी रंगात आलेला असताना मध्येच क्षणभर चित्र थबकायचं, कारण लेसर एका थरावरून दुसऱ्यावर जायचा. मला हे माहीतच नव्हतं, मी कितीतरी वर्षं ओरखडा पडलाय समजून डिस्क बाहेर काढायचे, कुर्त्याला पुसायचे, परत लावायचे, परत तिथेच थबकली की प्लेअरला शिव्या द्यायचे. आणि डिस्क लावली की आधी येणारा तो मेनू! अर्ध्या मिनिटाची धून परत परत वाजत राहायची, बघता बघता डोळा लागला तर रात्रभर तेच, सकाळी दात घासताना तीच धून आपल्या नाकातून बाहेर पडतेय.

पण दुसरी डिस्क आवडण्याचं माझं कारण वेगळंच आहे. पहिल्या डिस्कवर असतात ती माणसं आपल्याला माहीतच असतात, पोस्टरवर त्यांचेच चेहरे. दुसरीवर भेटतात ती पिक्चरमध्ये न दिसलेली माणसं. कोणी विग लावणारी, कोणी घोडे सांभाळणारा, कोणी तीन महिने एकाच भिंतीला रंग देणारा. कॅमेरा समोर आला की यांना हात कुठे ठेवावेत कळत नाही, पण आपल्या कामाबद्दल विचारलं की अशी काही कळी खुलते की बस.

त्यातही माझे सगळ्यात लाडके म्हणजे फोली आर्टिस्ट. पडद्यावर कोणी चाललं, बसलं, पाणी प्यालं, तर तो आवाज शूटिंगमधलाच असेल असं नाही, बऱ्याचदा तो नंतर एका खोलीत बसून काढलेला असतो. जॅक फोली नावाच्या माणसाने बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात हे सुरू केलं म्हणून हे नाव. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक पन्नाशीचा माणूस बाईचे हाय हील्स घालून, पडद्याकडे डोळे लावून, जागच्या जागी चालत होता. पडद्यावर नायिका रडवेली होऊन जिना उतरतेय आणि इकडे हे काका पोट सावरत टक टक टक! बर्फात चालायचा आवाज म्हणजे चामड्याच्या पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोर दाबायचं, हाड मोडायचं तर सेलरी नावाच्या कुरकुरीत देठांच्या भाजीची जुडी पिरगाळायची, पक्ष्याने पंख फडफडवले की समजायचं कोणीतरी चामड्याचे हातमोजे आपटतंय. हे कळल्यावर मजा जाईल असं नवऱ्याचं म्हणणं. मला उलट आता प्रत्येक हाणामारीत सेलरी ऐकू येते आणि बरं वाटतं.

आणि तो क्रिकेटचा किस्सा तर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग, २००२ चा, त्यात किल्ल्यावर चालून आलेल्या राक्षसी फौजेची आरोळी आहे बघा. हजारोंची फौज ओरडताना दाखवायची तर आवाज आणायचा कुठून? वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये न्यूझीलंड-इंग्लंड वनडे चालू होती, मधल्या सुट्टीत दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतः मैदानात उतरला आणि जवळपास २५ हजार प्रेक्षकांकडून त्या राक्षसांच्या बनावट भाषेतल्या घोषणा म्हणवून घेतल्या, छाती बडवून घेतली, पाय आपटून घेतले. मॅच बघायला आलेली माणसं राक्षस होऊन परत गेली. त्यातल्या किती जणांनी थिएटरात बाजूच्याला कोपर मारून "हा माझा आवाज" म्हटलं असेल!

कॉमेंट्रीचं मात्र थोडं जुगारासारखं आहे. म्हणजे पिक्चर चालू आणि त्यावरून कोणीतरी बोलतंय. हे डीव्हीडीच्याही आधीचं, १९८४ मध्ये क्रायटेरियन नावाच्या कंपनीने १९३३ चा 'किंग काँग' लेसरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकडीवर काढला. पिक्चर जुना, त्याला आवाजाचा एकच ट्रॅक पुरायचा, दुसरा मोकळा होता, त्यावर रोनाल्ड हेवर या अभ्यासकाला बोलायला बसवलं. बाकीच्यांनी मग तेच उचललं. चांगला बोलणारा मिळाला तर आपण त्याच्याच सोफ्यावर बसलोय असं वाटतं. नाहीतर मग नट मंडळी असतात, जी स्वतःचाच पिक्चर बघण्यात इतकी रमतात की दहा-दहा मिनिटं आवाज नाही, मध्येच एक खसखस आणि मग "त्या दिवशी फार थंडी होती". बरं. अजून काही? नाही, थंडीच होती. मी अशा कॉमेंट्र्या पण शेवटपर्यंत ऐकल्यात, का ते विचारू नका.

कापलेल्या सीन्सबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. दहातले आठ कापले ते बरंच झालं असं वाटतं. पण उरलेले दोन त्रास देतात. सीन चांगला असतो, नट जीव तोडून काम करतोय, कोपऱ्यात टाइमकोडचे आकडे पळतायत, रंग अजून नीट केलेले नाहीत, आणि दिग्दर्शक मागून शांतपणे सांगतो की सीन उत्तम होता पण त्याने पिक्चर अडकत होता म्हणून काढला. त्या नटाने घरी सगळ्यांना सांगितलं असेल हो, की येतोय मी पिक्चरमध्ये! 'द बिग चिल' नावाच्या १९८३ च्या पिक्चरमध्ये केव्हिन कॉस्टनरचं असंच झालं. मित्राच्या अंत्यविधीला सगळे जमतात आणि तो गेलेला मित्र म्हणजे हा. त्याचे फ्लॅशबॅक शूट झालेले, सगळे कापले, उरलं काय तर सुरुवातीला मृतदेहाला कपडे घालताना दिसणारे हातबित, चेहरा कुठेच नाही. दिग्दर्शकाने पुढे १९८५ मध्ये 'सिल्व्हराडो'त त्याला मस्त रोल दिला म्हणा. पण ते कापलेले सीन मला अजून कुठल्याच डिस्कवर सापडलेले नाहीत. शोधणं चालू आहे.

हल्ली अडचण अशी की दुसरी डिस्कच राहिली नाही. स्ट्रीमिंगवर कुठे कुठे एक्स्ट्रा असतात, नाही असं नाही, पण शोधत बसावं लागतं, आणि मुळात तिथे पिक्चर संपायचीच घाई. आम्ही जे वापरतो त्यावर शेवटची नावं सुरू झाली रे झाली की ती आक्रसून कोपऱ्यात काडेपेटीएवढी होतात आणि पुढचा पिक्चर सुरू व्हायला पाच, चार, तीन... मी अंधारात उशीखाली, अंगाखाली रिमोट शोधतेय, सापडेपर्यंत भलत्याच पिक्चरमध्ये कोणीतरी गाडी पळवायला लागलेला असतो. हाय हील्सवाल्या काकांचं नाव त्या काडेपेटीत कुठेतरी वर सरकून गेलं असणार.

म्हणून जुन्या डिस्क मी टाकू देत नाही. लॅपटॉपला आता ड्राइव्ह नसतो, तर एक बाहेरून लावायचा घेतलाय, तो सुरू होताना असा घरघरतो की उड्डाणच करेल. मागच्या रविवारी नवरा आत झोपला होता आणि मी लेकीला तो फोलीचा भाग दाखवला. तिने तीनदा मागे घेऊन बघितला आणि मग काही न बोलता उठून गेली. आली ती बाबाचे बाईकचे हातमोजे घेऊन. फोनवर रेकॉर्डिंग लावलं, मला गप्प बसायची खूण केली आणि डोळे मिटून दोन्ही हातमोजे एकमेकांवर फटाफटा आपटायला लागली.

आतून झोपाळलेला आवाज आला, "अगं, खिडकी लाव, कबुतर शिरलंय."