घटका भरते ती कशी

‘या, दोन घटका बसा,’ असं आपण पाहुण्याला म्हणतो. त्याने हे शब्दशः मनावर घेतलं तर तो बरोबर 48 मिनिटं बसेल. घटका 24 मिनिटांची. दिवसरात्र मिळून अशा 60. आता मात्र हा शब्द चांगलाच सैलावलाय. ‘घटकाभर टेकतो’ म्हणणारा कधी पाणी पिऊन उठतो, कधी जेवूनच जातो.

मुळात घटका हे भांडं. घट म्हणजे घडा, घटिका म्हणजे छोटा घडा. तांब्याची हलकी वाटी, बुडाला बारीक भोक. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडून द्यायची. भोकातून पाणी हळूहळू वर येतं, वाटी जड होत खाली खाली जाते आणि काठ पाण्याला टेकला की गटकन बुडते. झाली एक घटका! उचलायची, उपडी करायची, पुन्हा सोडायची. सूर्यसिद्धान्त या खगोलाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात या यंत्राचा श्लोक आहे आणि त्यात पाणी ‘अमल’ म्हणजे स्वच्छ असावं असं सांगितलंय. हे विशेषण वृत्त जुळवायला आलं असेल असं मला वाटत नाही. गाळाचा एक कण भोकात अडकला की वाटी उशिरा बुडणार आणि तिच्या भरवशावर बसलेल्या सगळ्यांची वेळ चुकणार. विष्णुपुराण तर भोक पाडायला चार माष (माष हे जुनं बारीक वजन) सोन्याची, चार अंगुळं लांब सुई सांगतं.

भोक बुजल्याची एक गोष्ट प्रसिद्धच आहे. गणिती भास्कराचार्यांनी आपल्या मुलीच्या, लीलावतीच्या लग्नासाठी घटिकापात्र मांडलं, ती कौतुकाने वाकली, तिचा मोती आत पडला आणि वाटी बुडलीच नाही. मुहूर्त टळला. ही कथा भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या, अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने केलेल्या 1587 च्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारेकशे वर्षांनी. तिच्या खरेपणावर माझा फारसा भरवसा नाही. पण रचणाऱ्याला यंत्राची दुखरी जागा नेमकी ठाऊक होती.

ही वाटी डोळ्यांपुढे आणली की ‘त्याची घटका भरली’ हे कळतं. एरवी संपणारी गोष्ट रिकामी होते; इथे भरली म्हणजेच संपली. ‘शेवटच्या घटका मोजणं’ही तसंच. मोजायचं काम वाटीपाशी बसलेल्या माणसाचं, पण वाक्प्रचारात ते मरणाऱ्याच्याच गळ्यात पडलं!

वाटी बुडाली की तो माणूस धातूच्या थाळीवर टोला हाणायचा. त्या थाळीचं नाव तास. शब्द फारसीतून आलेला आणि तिकडे त्याचा अर्थ पुन्हा वाडगाच. थाळीचं नाव टोल्याला आणि टोल्याचं वेळेला चिकटलं. पुढे साठ मिनिटांचा हिशेब आला तेव्हा अडीच घटकांचा एक तास झाला. शाळेने तोही फारसा मानला नाही. तिथे मराठीचा तास 35 मिनिटांतही उरकतो, आणि गणिताचा तेवढाच असून संपता संपत नाही.