चेंबरमध्ये सापडलेले तपकिरी तुकडे

ती गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचे इंजिन पूर्ण उघडायचे, हे जवळजवळ ठरलेलेच होते. ऑइलचा दाब कमी झाल्याचे सांगणारा लाल दिवा लागतो म्हणजे इंजिनातले बेअरिंग गेले, असे मालकांना आधीच कोणीतरी सांगितले होते आणि मोठ्या खर्चासाठी त्यांनी मनाची तयारीही केली होती. मला मात्र दिवा लागण्याची वेळ खटकली. बेअरिंग झिजले असेल तर गरम इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसते चालू असताना, ऑइलचा दाब पडतो आणि रेस दिली की सावरतो. येथे नेमके उलटे होते. आयडलला दिवा लागत नसे. गाडी बराच वेळ वेगात चालली की तो लागायचा आणि इंजिन थोडा वेळ बंद ठेवले की पुन्हा काही काळ तक्रार नसायची.

दिव्याचा स्विच खराब असला तरी तो लागू शकतो, म्हणून स्विच काढून त्या जागी दाब मोजणारा गेज बसवला. आयडलला दाब समाधानकारक होता. रेस वाढवत नेली तसा काटा आधी चढला, मग अडखळला आणि रेस तशीच धरून ठेवल्यावर हळूहळू खाली येऊ लागला. ऑइल पंपाला जितके ऑइल हवे होते तितके मिळत नव्हते, म्हणजे अडथळा पंपाच्या अलीकडे, चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यातल्या) जाळीवर असला पाहिजे, असा माझा अंदाज झाला.

चेंबर खाली उतरवला तेव्हा जाळीचा अर्ध्याहून अधिक भाग तपकिरी तुकड्यांनी झाकलेला दिसला. इंजिन बंद झाले की ओढ थांबते, तुकडे जाळीवरून सुटून तळाशी बसतात आणि म्हणूनच पुढच्या स्टार्टला सर्व काही सुरळीत वाटते, हे कोडे तिथेच सुटले. पण हे तुकडे आले कुठून, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय चेंबर धुऊन परत बसवणे मला मान्य नव्हते.

तुकडे डिझेलने धुऊन पांढऱ्या कागदावर मांडले. चुंबकाला एकही चिकटला नाही, त्यामुळे पोलाद बाद झाले. जळलेल्या ऑइलचा थर असता तर तो बोटांत चुरला असता. हे तुकडे वाकवले की कट्कन मोडत होते आणि तापवलेली सोल्डरिंगची टोकदार कांब टेकवल्यावर कडेला वितळत होते. एका मोठ्या तुकड्याच्या पाठीवर दोन समांतर, गुळगुळीत चऱ्या होत्या. चेनच्या कड्यांच्या पट्ट्या वर्षानुवर्षे घासल्याशिवाय अशा चऱ्या पडत नाहीत. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या टायमिंग चेनच्या नायलॉनच्या गाइडचे, म्हणजे चेनला जागेवर धरणाऱ्या पट्टीचे, हे अवशेष होते, याबद्दल शंका उरली नाही.

मग वरचे कव्हर काढून तपासणीच्या कॅमेऱ्याने गाइड पाहिले, तर सर्व गाइड अखंड, फिकट रंगाचे, जवळजवळ नवे! काही क्षण मीही बुचकळ्यात पडलो. खुलासा सीलंटने, म्हणजे जोडातून ऑइल गळू नये म्हणून लावतात त्या लेपाने, केला. टायमिंग कव्हरच्या कडेने करड्या रंगाचे, हाताने लावलेले सीलंट बाहेर आले होते. चेंबर उतरवताना मी जे कापले ते मात्र काळे, एकसारख्या जाडीचे, कंपनीतून आलेले होते. म्हणजे आधी केव्हातरी चेन आणि गाइड बदलले गेले, पण फुटलेल्या गाइडचे तुकडे खाली पडले आहेत हे माहीत असूनही, किंवा तपासलेच नाही म्हणून, चेंबर उघडलाच गेला नाही. मालकांनी गाडी वापरलेली घेतली होती, त्यामुळे त्यांना याची कल्पना असणे शक्यच नव्हते. गाइड फुटला असेल तर चेंबर उतरवणे हा त्याच कामाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. ते टाळणाऱ्याने पुढच्या माणसाचे इंजिन पणाला लावलेले असते.

कारण कळले तरी नुकसान किती झाले हे पाहायचे होते. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडल्या आणि कापडात दाबून ऑइल काढले. धातूची चमक कुठेही नव्हती. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडची कॅप सोडवून बेअरिंगचे शेल, म्हणजे आतले पातळ अर्धगोल कवच, पाहिले. वरचा करडा थर सलग होता, खालचा तांब्यासारखा रंग कोठेही उघडा पडला नव्हता. पंप मात्र ठीक नव्हता. जाळीतून निसटलेल्या बारीक कणांनी आत ओरखडे पाडले होते आणि जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हजवळ करड्या सीलंटची एक तार अडकली होती.

पंप आणि जाळी नवी घातली, चेंबर कोपऱ्यापर्यंत स्वच्छ केला. आता रेस धरून ठेवली तरी काटा जागचा हलला नाही. मालकांना ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलायला यायला सांगितले होते आणि ते आले. त्या वेळी कापलेल्या फिल्टरच्या घड्यांत एक-दोन तपकिरी कण सापडले, धातू नव्हता. म्हणून पुढचा फिल्टरही कापून पाहायचे ठरवले आहे.