अडुसष्टाव्या वर्षी बाबांचा पोहण्याचा दाखला : आर्देशच्या घळीत जाण्याआधी

फ्रान्समधल्या आर्देश नदीत कॅनू चालवायला जाणार असाल, तर ऊन, खडक, धार यांची काळजी नंतर करा. आधी बुकिंगच्या ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. त्या दोन ओळींनी आम्हाला जेवढं दमवलं तेवढं पुढे ३२ किलोमीटर वल्हं मारूनही दमायला झालं नाही.

आम्ही लियोंजवळ राहतो. सांगलीहून आई-बाबा आले की त्यांना दरवेळी पॅरिस, स्वित्झर्लंड असंच दाखवलं जातं. या खेपेला बाबा म्हणाले, नदी असेल तिथे ने. म्हणून वालों-पों-दार्क ठरवलं. फ्रान्सच्या दक्षिणेकडचं, जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव. रेल्वे तिथे जात नाही, गाडीनेच जावं लागतं. गावाबाहेर नदीवर पों-दार्क ही नैसर्गिक कमान आहे, ५४ मीटर उंच आणि जवळपास ६० मीटर रुंद. नदी पूर्वी डोंगराला वळसा घालून जायची, मग तिने मधली भिंत पोखरून सरळ वाट काढली. कमानीच्या पुढे चुनखडीची घळ सुरू होते, काही ठिकाणी कडे ३०० मीटरपर्यंत उंच. १९८० पासून तो राखीव निसर्गप्रदेश आहे, त्यामुळे रात्री कुठेही तंबू ठोकता येत नाही. गो आणि गुर्निए या दोनच जागी मुक्कामाची परवानगी, तीही आधी आरक्षण करून. आम्हाला गोची जागा मिळाली, काही त्रास झाला नाही. घर, गाडी, जवळच्या शोवे चित्रगुहेची तिकिटं, सगळं बिनबोभाट झालं.

अडलं ते कॅनूवाल्यांपाशी. गावात कॅनू भाड्याने देणारे ढिगाने आहेत. आम्ही ज्यांच्याकडे वाटाड्यासह दोन दिवसांची सफर घेतली, त्यांच्या ईमेलच्या तळाशी होतं की, ठराविक वयापुढच्या प्रत्येकाने पोहता येत असल्याचा दाखला आणावा. इथला साधा नियम असा की कॅनूत बसणाऱ्याला २५ मीटर पोहता आणि पाण्याखाली जाता आलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी मोठी माणसं तसं लिहून सही करतात, विषय संपतो. या मंडळींना मात्र ज्येष्ठांसाठी सही पुरत नव्हती. कागद हवा.

आता बाबांची गोष्ट सांगते. पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस. पावसाळ्यात आयर्विन पुलावरून उड्या मारणाऱ्या पोरांपैकी एक. पुराच्या पाण्यात आडवं पोहून पलीकडे जायचं आणि आजीचा मार खायला परत यायचं, हा त्यांचा श्रावण. त्यांच्याकडे दाखला मागायचा? मी फोन केला. पलीकडची बाई अतिशय गोड बोलली आणि जागची हलली नाही. सांगलीतल्या तलावाचं पत्र चालेल का विचारलं, तर म्हणाली, चालेल, पण अधिकृत अनुवादकाकडून फ्रेंच करून आणा. त्याचा खर्च आमच्या कॅनूच्या भाड्याशी स्पर्धा करत होता. मी म्हटलं, इथेच कुठेतरी पोहून दाखवतील.

घराजवळचा सार्वजनिक तलाव बंद होता. इकडे तलाव अधूनमधून पूर्ण रिकामा करून धुवायचा नियम आहे आणि तो मुहूर्त नेमका आम्ही गाठला होता. दुसऱ्या तलावावर सांगितलं, दाखला देतो, पण बुधवारी दुपारीच. बुधवारी का? तर तेव्हा शाळकरी मुलं मोकळी असतात आणि असे दाखले सुट्टीतल्या शिबिरांना जाणाऱ्या मुलांनाच लागतात. बुधवारी गेलो. बाबा अर्धी चड्डी घालून काठावर आले आणि जीवरक्षकाने हात आडवा केला. फ्रान्सच्या सार्वजनिक तलावात सैल चड्डी चालत नाही. कारण म्हणे स्वच्छता, ती चड्डी माणूस रस्त्यावरही घालून फिरतो. अंगाला घट्ट बसणारीच हवी, आणि वर डोक्याला टोपी.

बाबांच्या डोक्यावर टोपी घालण्याइतके केस नाहीत, हा मुद्दा मी मांडला. तो फेटाळला गेला.

बाबा मला मराठीत म्हणाले, "लंगोट चालेल का विचार." मी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर त्यांच्या नियमात लंगोट अगदी चपखल बसला असता. शेवटी दाराशी असलेल्या मशीनमधून, जिथे आपल्याकडे वेफर्स मिळतील तिथे, पोहण्याची चड्डी आणि टोपी घेतली. मशीनमध्ये दोनच मापं शिल्लक होती, दोन्ही बाबांची नव्हती. आईने त्या दिवशी तलावावर यायला नकार दिला होता, बरंच झालं.

परीक्षा मात्र फार सुरेख झाली. पाण्यात उडी मारायची, पाच सेकंद पाठीवर तरंगायचं, पाच सेकंद उभ्याने पाण्यात राहायचं, पोटावर २० मीटर पोहायचं आणि एखाद्या तरंगत्या वस्तूखालून जायचं. रांगेत बाबांच्या पुढे आठ-नऊ वर्षांची पोरं, मागेही तशीच. बाबा पाठीवर तरंगले ते तरंगतच राहिले. पाच सेकंद संपून बराच वेळ झाला, तरी हात छातीवर बांधून डोळे मिटून पडलेले. जीवरक्षक घाबरून मला म्हणाला, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, आमच्याकडे नदीत असंच झोपतात.

मग फॉर्म. वर "मुलाचे नाव", खाली "शिबिराचे नाव" आणि "पालकाची सही". जीवरक्षकाने शिबिराचा रकाना खोडला, पालकाचा खोडायचं विसरला. मी बाबांची पालक म्हणून सही केली. त्याची माझ्याकडे फोटोत प्रत आहे आणि ती सांगलीतल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊन आली आहे.

वालोंला पोचल्यावर कॅनूवाल्यांच्या काउंटरवर तो कागद नीट वाचला गेला, झेरॉक्स काढली गेली, फाइलला लागली. आणि माझ्या नवऱ्यापुढे एक छापील कागद सरकवला. पोहता येतं, सही करा. त्याने केली. हॉटेलच्या तलावात कठडा धरून दोन फेऱ्या एवढंच त्याचं पोहणं. तो चाळिशीचा आहे म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास, कृष्णेत वाढलेल्या माणसाच्या नाही. हे मला अजून पटलेलं नाही आणि पटणारही नाही. तुमच्याबरोबर ज्येष्ठ असतील तर पैसे भरण्याआधी दाखल्याचं विचारा, आणि दोन-तीन जणांना विचारा. शेजारच्या दुकानात हा प्रकारच नव्हता, हे आम्हाला तिथे उभं असताना दिसलं.

आमची लेक पाच वर्षांची. घळीतल्या कॅनूत सात वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, म्हणून ती आणि आई गावात थांबल्या. त्यांनी नगरपालिकेच्या इमारतीत, जी सतराव्या शतकातली हवेली आहे, ओब्युसों या विणकामासाठी प्रसिद्ध गावी विणलेले त्याच काळातले भिंतीवरचे पडदे पाहिले. आईच्या मते संपूर्ण सहलीतलं सर्वांत चांगलं तेच. तिथे तिला कोणी दाखला मागितला नाही.

गुहा आम्ही सगळ्यांनी आदल्या दिवशी केली. मूळ शोवे गुहा १८ डिसेंबर १९९४ ला तीन हौशी गुहाशोधकांना सापडली, त्यातली सर्वांत जुनी चित्रं सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीची. लास्को ही फ्रान्समधलीच दुसरी चित्रगुहा लोकांच्या श्वासाने आणि दिव्यांनी बिघडली, १९६३ मध्ये बंद करावी लागली, म्हणून शोवे लोकांसाठी उघडलीच नाही. आपण पाहतो ती २०१५ मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती. "नक्कल बघायला एवढे पैसे?" असं आईने बाहेर म्हटलं होतं. आत सिंहांच्या भिंतीपाशी ती गटाच्या मागे राहिली आणि मार्गदर्शकाने तिला हाक मारली. अजिंठ्यातला अंधार आणि गर्दी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना नकलेमागचं कारण लगेच कळेल. तिकीट ठराविक वेळेचं असतं, उन्हाळ्यात आधीच काढा. आत गारवा असतो, शाल न्या. फोटो काढू देत नाहीत.

नदीचं म्हणाल तर जुलैत पाणी कमी. कमानीच्या आधीच्या शार्लमान्य नावाच्या धारेवर काठाला प्रेक्षक बसलेले असतात, कोण उलटतं ते बघायला. आम्ही त्यांची निराशा केली. कमानीखालून जाताना बाबा गप्प होते, तेवढंच. एरवी दोन दिवस त्यांचं एकच, "पाणी कुठाय?" अनेक ठिकाणी तळ घासला, उतरून कॅनू ओढावी लागली. सांगलीकराच्या हिशेबी हा ओढाच. घळीत खाली एक नग्नतावाद्यांचा कॅम्प लागतो, तिथली मंडळी निवांत काठावर उभी असतात. बाबांनी एकवार पाहिलं आणि विचारलं, "इथे टोपी कंपल्सरी नाही वाटतं?"

पायात बंद बूट लागतात, चपला चालत नाहीत. लाइफ जॅकेट दोन्ही दिवस अंगावरच हवं. चष्म्याला दोरी बांधा. सामानासाठी घट्ट झाकणाचे पिंप देतात, पण फोन त्यातही पिशवीत गुंडाळा. मुक्कामाला पाणी आहे, दुकान नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस मस्त टिकली, वाटाड्याने चटणीची रेसिपी लिहून घेतली. शेवटी, सफर संपते त्या सोझ या काठावर परतीच्या बसची वाट बघावी लागते, सावली कमी आणि रांग मोठी, तेव्हा पाण्याची एक बाटली तिथपर्यंत राखून ठेवा. दम असेल तर पलीकडच्या काठावर एगेझ हे दगडी गाव आहे, तिथून तुम्ही आलात ती घळ दिसते. ऑगस्टमधल्या शनिवारी दक्षिणेकडचा महामार्ग धरू नका.

आणि हो, दाखल्याची मूळ प्रत कोणालाही देऊ नका, झेरॉक्सच द्या. बाबांना आता मे महिन्यात, पाणी असताना, परत यायचंय.