तुम्ही विचारलंत म्हणून : विमान उभं राहतं तेव्हा पायलटचं काय होतं

कराडजवळच्या शाळेतला कार्यक्रम संपल्यावर तुम्ही थांबला होतात. लेक दहावीत आहे, पायलट व्हायचं म्हणते, त्यासाठी जमिनीवर कर्ज काढायची तुमची तयारी आहे. तुम्ही विचारलंत, "मॅडम, उद्या सरकारनं विमानाचं ते मॉडेलच बंद करून ठेवलं, तर ते चालवणाऱ्या माणसाचं काय? पगार चालू राहतो का?" मला पुण्याला जाणारी गाडी गाठायची होती, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन निघाले. ते उत्तर अपुरं होतं. हाच प्रश्न मला २०१९ पासून सोसायटीतले काका विचारतात, माझी आत्या विचारते, नुकतं लायसन्स हातात आलेली मुलं विचारतात. विमान उभं राहिलं म्हणजे पायलटला भरपगारी सुट्टी, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तुमची नव्हती. म्हणून तुम्हालाच सविस्तर सांगते.

मी तेव्हा बोइंग ७३७ वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, होते. आमच्याकडे जुनी ७३७ एनजी विमानं होती आणि थोडी नवी ७३७ मॅक्स. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं मॅक्स जकार्ताजवळ समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. त्या विमानाचे कॅप्टन भव्य सुनेजा दिल्लीचे होते. पुढे पाच महिनेही झाले नव्हते, तोच १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स आदिस अबाबाहून निघून सहा मिनिटांत पडलं. १५७ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी आपल्या डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्यानं, अट घातली, की मॅक्सवर कॅप्टनला ७३७ चे किमान १००० तास आणि को-पायलटला ५०० तास हवेत. माझे तास पुरेसे होते. माझ्यानंतर लागलेल्या एका मुलाचे तीनशेच्या आसपास होते. तो त्या दिवशीच मॅक्सच्या यादीतून बाहेर पडला. १२ मार्चच्या रात्री मॅक्स जमिनीवर ठेवायचा निर्णय आला आणि १३ तारखेला दुपारी चारच्या आत देशातलं प्रत्येक मॅक्स उभं राहिलं. जगभरात अशी ३८७ विमानं होती. आपल्याकडे वीससुद्धा नव्हती, पण ज्यांच्याकडे होती त्यांच्या रोस्टरला खिंडार पडलं.

रोस्टर म्हणजे आमचं महिन्याचं वेळापत्रक. कुठल्या दिवशी कुठलं सेक्टर (म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावरचं उड्डाण), कुठे मुक्काम, कधी सुट्टी, सगळं त्यात असतं. घरच्यांचं आयुष्य त्यावर चालतं. एका विमानामागे साधारण पाच-सहा जोड्या पायलट ठेवावे लागतात, कारण विमान दिवसभर उडतं आणि माणसाला ठराविक तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. म्हणजे दहा विमानं उभी राहिली, की शंभरावर पायलट एका रात्रीत जास्तीचे होतात. त्यांना काढत नाहीत. उरलेल्या विमानांवर सगळ्यांना वाटून देतात. माझ्या रोस्टरमध्ये जिथे सेक्टर होते तिथे 'स्टँडबाय' दिसायला लागलं. स्टँडबाय म्हणजे गणवेश इस्त्री करून, बॅग भरून, फोन हातात धरून बसायचं. बोलावलं तर ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर. नाही बोलावलं तर दिवस गेला, तास शून्य. गावाला जाता येत नाही, झोपेची वेळ ठरवता येत नाही. हे मी तुम्हाला घाईघाईत सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे ऊस शेतात उभा, आणि तोडीची पाळीच येत नाही." मला इतक्या वर्षांत ते इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

तरी आम्ही नशीबवान होतो. आम्हाला विमानाच्या प्रकारागणिक परवानगी लागते, तिला टाइप रेटिंग म्हणतात. एनजी आणि मॅक्स दोन्हींचं रेटिंग एकच, त्यामुळे मॅक्स उभं राहिलं तरी एनजी उडवता येत होतं. एअर कॅनडाकडे एनजी नव्हतीच. त्यांचे मॅक्सचे पायलट दुसऱ्या कुठल्या विमानात बसूच शकत नव्हते. दुसरं रेटिंग करायचं म्हणजे पुन्हा वर्ग, पुन्हा सिम्युलेटर (सरावासाठी जमिनीवर ठेवलेलं नकली कॉकपिट), पुन्हा परीक्षा, आणि मॅक्स कधी परत येणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. महिना-दोन महिने म्हणता म्हणता अमेरिकेत बंदी उठायला १८ नोव्हेंबर २०२० उजाडलं, आणि भारतात २६ ऑगस्ट २०२१. आमचे एक निवृत्तीला आलेले कॅप्टन १९९० ची गोष्ट सांगत. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० पडलं आणि मग ती सगळी नवीकोरी विमानं कित्येक महिने उभी राहिली. १९७९ मध्ये डीसी-१० अमेरिकेत पाच आठवडे उभं होतं, २०१३ मध्ये ड्रीमलायनर साधारण तीन महिने. त्या मानानं मॅक्सचा काळ फारच लांबला, आणि त्यावर कोविड आला.

आता पगार. आमच्या करारात पगाराचे दोन भाग होते. एक ठरलेला आणि दुसरा उडवलेल्या तासांवरचा. वर्षाला १००० तासांच्या वर उडता येत नाही, म्हणून महिना सत्तर-ऐंशी तास हे चांगलं काम. फेब्रुवारी २०१९ मध्ये माझ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, ७६ तास आहेत. एप्रिलमध्ये ४१. बँकेचा हप्ता मात्र दोन्ही महिन्यांत ६२ हजारच होता. लायसन्स आणि टाइप रेटिंग, दोन्हींचं कर्ज डोक्यावर होतं. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून तीन हप्ते भरले. नोकरी लागल्यापासून त्यांच्याकडून एक रुपया घेतला नव्हता, म्हणून ते मला फार लागलं.

हे सगळीकडेच झालं. अमेरिकेत साउथवेस्टकडे ३४ मॅक्स होती आणि तिथे पायलटचा पगार उडवलेल्या फेऱ्यांवर मोजतात. त्यांच्या पायलट संघटनेनं ऑक्टोबर २०१९ मध्ये बोइंगवर दावा लावला. ३० हजारांहून जास्त उड्डाणं वेळापत्रकातून गेली आणि पायलटांचं १० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच डिसेंबरात साउथवेस्टनं बोइंगकडून मिळणाऱ्या भरपाईतले सुमारे साडेबारा कोटी डॉलर कर्मचाऱ्यांच्या नफावाटपात घालायचं जाहीर केलं. मला ही बातमी महत्त्वाची वाटते. विमान उभं राहिल्याची भरपाई कारखाना एअरलाइनला देतो, पण ती पायलटपर्यंत पोचायची तर मध्ये संघटना हवी, करार हवा. आपल्याकडे तशी पद्धत मी तरी पाहिली नाही. विमानं नुसती उशिरा आली तरी झळ बसते. २०२४ मध्ये बोइंगकडून विमानं वेळेवर येईनात, तेव्हा युनायटेडनं आपल्या पायलटांना मे महिन्यात स्वखुशीनं बिनपगारी रजा घ्यायची विनंती केली होती.

"मग दुसरीकडे का गेला नाहीत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागत होती. त्यातच १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली आणि हजारो तासांचा अनुभव असलेले कॅप्टन बाजारात आले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कधी कडवटपणा आला नाही. त्यांचे कित्येक महिन्यांचे पगार बुडाले होते. पण तयार कॅप्टन मिळत असताना फर्स्ट ऑफिसरला कॅप्टन करायची घाई कुणाला असणार? आणि पायलटचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. त्या महिन्याचे पैसे पुढे कधीतरी भरून निघतात. पण आमच्या धंद्यात तास हीच ज्येष्ठता आणि तास हीच पात्रता. कमी तास म्हणजे कमांड, म्हणजे कॅप्टनपद, लांबली, कमांड लांबली म्हणजे कॅप्टनचा पगार लांबला, आणि पुढे चांगल्या कंपनीत अर्ज करायला लागणारे कॅप्टनचे तासही लांबले. तीन महिन्यांची घट दहा वर्षांनीसुद्धा माझ्या लॉगबुकात दिसणार आहे.

प्रशिक्षणाबद्दल तुम्ही विचारलं नव्हतंत. पण लेकीला या धंद्यात घालताय म्हणून सांगते.

एनजीवरून मॅक्सवर जाताना मी टॅबलेटवर दोनेक तासांचा कोर्स केला होता. सिम्युलेटर नाही. पडदे वेगळे, इंजिनं मोठी, काही स्विचांची जागा बदललेली, एवढंच त्यात होतं. एमकॅस हे नाव मी पहिल्यांदा नोव्हेंबर २०१८ मध्ये वाचलं, लायन एअरचे लोक गेल्यानंतर. जगभरच्या बहुतेक मॅक्स पायलटांची तीच कथा होती. मॅक्सची मोठी इंजिनं पंखाच्या आणखी पुढे आणि वर बसवल्यामुळे काही परिस्थितीत नाक जास्त वर उचललं जायचं. ते खाली ढकलायला शेपटीचा आडवा पंख फिरवणारी एक संगणकी यंत्रणा ठेवली होती, ती एमकॅस. विमानावर हवेचा कोन मोजणारे सेन्सर दोन, पण यंत्रणा एका वेळी एकाचंच ऐकायची. तो एक चुकला, की विमान सरळ जात असतानाही ती नाक खाली दाबायची. पायलटनं सावरलं, की पाच सेकंदांनी पुन्हा दाबायची. कॅप्टन सुनेजांनी वीसहून अधिक वेळा नाक वर आणलं होतं, हे तपासाच्या अहवालात आहे. काय चाललंय हे कुणी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. तो परिच्छेद मी सलग वाचू शकले नव्हते.

सिम्युलेटर का नव्हता, याचं उत्तर अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं सप्टेंबर २०२० च्या अहवालात दिलं आहे. मॅक्ससाठी सिम्युलेटर प्रशिक्षण लागलंच तर विमानामागे दहा लाख डॉलर सूट देऊ, असं बोइंगनं साउथवेस्टला कबूल केलं होतं. पायलटला सिममध्ये बसवणं हा खर्च, आणि तो वाचवणं ही विक्रीची सोय. म्हणून मला कुणी विचारलं, की बंदीनं तुमचं नुकसान केलं ना, तर मी सांगते, नुकसान झालं आणि बंदी बरोबरच होती. ती चार-साडेचार महिने उशिरा आली. लायन एअरनंतर लगेच आली असती, तर माझ्या रोस्टरचं जे व्हायचं ते झालंच असतं, पण आदिस अबाबाचे १५७ जण घरी पोचले असते.

मॅक्स परत आलं तेव्हा सिम्युलेटर सक्तीचा झाला होता. यंत्रणाही बदलली होती. आता ती दोन्ही सेन्सरांची तुलना करते, एका प्रसंगी एकदाच चालते आणि पायलटच्या जोरावर मात करू शकत नाही. मला त्या सिममधला एक प्रसंग अजून हातात आठवतो. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांच्या, दोन्ही बाजूंना ट्रिमची, म्हणजे शेपटीचा तो आडवा पंख फिरवणारी, चाकं असतात. विजेची मोटर बंद केली, की घडीचा दांडा बाहेर काढून ती हातानं फिरवायची. हे आम्हाला माहीत होतं. पण वेग वाढलेला असताना, शेपटीवर हवेचा दाब असताना ते चाक किती जड होतं, ते मी तोवर अनुभवलं नव्हतं. मी दोन्ही हात लावले, हललं नाही. मग कॅप्टन आणि मी एका तालात, जात्यावर बसल्यासारखे ओढत राहिलो. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "नाक थोडं सोडा, दाब कमी होईल, मग फिरवा." सोडलं, आणि चाक फिरलं. आमच्या सिममध्ये उंची भरपूर होती. इथिओपियनच्या पायलटांनीही मोटर बंद केली होती, चाक फिरवायचा प्रयत्न केला होता, आणि त्यांच्याकडे उंची नव्हती. बाहेर आल्यावर आम्ही दोघं बराच वेळ कॉफी घेऊन नुसते बसलो होतो.

एवढं सगळं होऊनही एप्रिल २०२२ मध्ये डीजीसीएनं एका भारतीय कंपनीच्या ९० पायलटांना मॅक्सवरून थांबवलं. ग्रेटर नोएडातल्या सिम्युलेटरमध्ये त्यांना प्रशिक्षण मिळालं होतं, पण तिथला स्टिक शेकर, म्हणजे धोक्याच्या वेळी हातातला दांडा थरथरवणारं यंत्र, नीट चालत नव्हतं. त्यांना परत सिममध्ये बसावं लागलं. त्यांचे ते दिवसही गेले, पगारही अडला असेल. तरी मी त्या निर्णयाच्या बाजूनं आहे.

तर तुमच्या लेकीसाठी. कर्ज काढाल तेव्हा हप्ता पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आकड्यावर ठरवू नका, त्यातल्या ठरलेल्या भागावर ठरवा. नोकरीचा करार आला, की महिन्याला किती तासांचा पगार नक्की मिळणार, विमान उभं असलं तरी मिळणार का, ही ओळ शोधा. ती नसेल तर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू देऊ नका. ज्या प्रकारची विमानं देशात एकाहून जास्त कंपन्यांकडे आहेत त्याचं रेटिंग आधी घ्यावं. आणि तिला सांगा, कोर्स टॅबलेटवरचा असो की वर्गातला, त्यात जे नाही ते विचारायचं. मी २०१८ मध्ये विचारलं नाही.

माझी कमांड २०१९ च्या अखेरीला व्हायची होती. ती झाली २०२३ मध्ये. मधली सगळी वर्षं मॅक्सच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही, कोविडचा वाटा मोठा आहे. खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी लावून पहिलं उड्डाण मुंबई–नागपूर केलं. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते.