एका बेटाच्या बदल्यात

युरोपीय सत्तांनी आफ्रिकेची जी वाटणी केली, त्यात माझा आवडता करार १ जुलै १८९० चा, हेलिगोलँड-झांजिबारचा. (आवडता करार असणारी माणसं असतात, आमच्या घरात एक आहे.)

जर्मनीजवळच्या समुद्रातलं हेलिगोलँड बेट दोन चौरस किलोमीटरचंही नाही. १८०७ पासून ते ब्रिटिशांकडे होतं. ब्रिटिश पंतप्रधान सॉल्सबरीने ते जर्मनीला देऊन टाकलं आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबारवर ब्रिटिशांचं संरक्षण मान्य करून घेतलं. गंमत म्हणजे झांजिबार जर्मनीचं नव्हतंच! तिथे सुलतान होता. राणी व्हिक्टोरियालाही हा सौदा रुचला नव्हता. हेलिगोलँडच्या लोकांना तर कोणी विचारलंच नाही.

लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याचं सामान घेताना लवंग हातात घेतली की मला हे सगळं आठवतं. फुगीर डोक्याची, नखाने दाबली की तेल सुटणारी. झांजिबारची लवंग जुन्या मुंबईच्या व्यापारात मोठी होती, तिथे आपला रुपयाही चालायचा. मागे रांग लागलेली असते, म्हणून भाषण आवरतं घेतो.

याच करारात जर्मनीला आफ्रिकेत झांबेझी नदीपर्यंत पोचणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी मिळाली. जर्मन चान्सलर काप्रिवीचं नाव तिला पडलं. नदीमार्गे हिंदी महासागर गाठायचा, असा बेत. नदी मिळाली खरी, पण पुढे व्हिक्टोरिया धबधबा, शंभर मीटरहून जास्त उंचीचा. ब्रिटिश प्रवासी लिव्हिंगस्टनने तो १८५५ मध्येच पाहिला होता, म्हणजे बर्लिनमध्ये कुणाला ठाऊक नसेल, असं मला तरी वाटत नाही.