कोऱ्या नमुन्यातले ॲल्युमिनियम

अंजनीच्या पानांत ॲल्युमिनियम किती साठते, हे मोजण्याच्या एम.एस्सी. प्रकल्पावर माझे सात महिने गेले आणि त्यांपैकी जवळजवळ चार महिने ज्या बाटलीत पान नव्हतेच, त्या बाटलीने खाल्ले. तो राग अजून पुरता शमलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

महाबळेश्वरच्या जांभ्यावर अंजनी आणि जांभूळ शेजारीशेजारी वाढतात. पावसाने चुना आणि पोटॅश धुऊन नेले की त्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरते. अंजनीच्या कुळातील कितीतरी झाडे ते पानांत साठवतात. वाळलेल्या पानाच्या किलोमागे 1000 मिलिग्रॅमहून अधिक सापडले, तर झाडाला संचयक म्हणण्याचा जुना संकेत आहे. तुलनेसाठी मी जांभूळ घेतले होते.

रंगाची परीक्षा विनासायास पार पडली. हात बसावा म्हणून आम्लधर्मी द्रावणात ॲल्युमिनियम देऊन वाढवलेली गव्हाची मुळे हिमॅटॉक्सिलीनमध्ये (ॲल्युमिनियमशी जोडून जांभळा होणाऱ्या रंगात) पंधरा मिनिटे ठेवली, पाण्याने धुतली, आणि टोके जांभळी झाली. पण रंग ॲल्युमिनियम कुठे आहे ते सांगतो. किती आहे, यासाठी पान आम्लात विरघळवून आयसीपी यंत्रावर, म्हणजे द्रावणातली मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर, न्यावे लागते, आणि ते यंत्र दुसऱ्या संस्थेच्या केंद्रात होते.

त्या केंद्राच्या अर्जात ‘अपेक्षित प्रमाण’ असा रकाना आहे. तेच मोजायला आल्यामुळे मी तो रिकामा सोडला आणि अर्ज परत आला. शिवाय कोऱ्या नमुन्यालाही, म्हणजे पानाशिवाय केवळ आम्ले घालून तीच सगळी प्रक्रिया केलेल्या द्रावणालाही, पूर्ण नमुन्याइतकेच शुल्क होते. मी पैसे वाचवायला एकच कोरा नमुना पाठवला. हा कंजूषपणा माझाच, तो केंद्राच्या माथी मारता येत नाही.

पाच आठवड्यांनी आकडे आले. अंजनीत ॲल्युमिनियम अपेक्षेप्रमाणे भरपूर होते. जांभळाच्या द्रावणात लिटरमागे 1.3 मिलिग्रॅम आणि जिथे जवळजवळ शून्य हवे, त्या कोऱ्या नमुन्यात 1.1! 0.2 ग्रॅम पान 50 मिलिलिटरमध्ये घेतले होते, त्यामुळे वजाबाकीनंतर जांभळाच्या किलोमागे जेमतेम 50 मिलिग्रॅम उरत होते, आणि कोरा नमुना एकच असल्याने त्या 50 वरही विश्वास ठेवता येत नव्हता. केंद्रात फोन केला, तर ‘मशीन बरोबर आहे’ एवढेच उत्तर मिळाले. ते खरे होते, हे मान्य करायला मला महिना लागला.

मी आम्ल बदलले, पाणी बदलले, आणि पुन्हा पाच आठवडे थांबून जवळपास तोच आकडा मिळवला. कोडे शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी सोडवले. तापत्या बीकरांकडे बघत ते म्हणाले, ‘ताई, तुमच्या फॉइलला भोकं पडतायत.’ धूळ पडू नये म्हणून मीच बीकरांवर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवली होती! नायट्रिक आम्लाची वाफ तिच्यावर जमत होती, धातू घेऊन थेंबाथेंबाने खाली उतरत होती, आणि फॉइलच्या खालच्या बाजूला राखाडी डाग आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडली होती. तिच्याखालचे बोरोसिलिकेट बीकरही निर्दोष नव्हते, कारण त्या काचेच्या घडणीतच थोडे ॲल्युमिनियम असते.

याहून वाईट असतो तो दोष, जो कोऱ्या नमुन्यात दिसतच नाही. पाने मी चिनी मातीच्या खलात कुटत होते. त्या मातीतही ॲल्युमिनियम असते, पण कोरा नमुना खलात जातच नाही. पुढे अकीकाचा खल मिळवला, टेफ्लॉनच्या बंद भांड्यांत मायक्रोवेव्हने डायजेशन केले, म्हणजे पाने आम्लात विरघळवली, आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या रात्रभर दहा टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवल्या.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले: पाने वाळवण्यापूर्वी नीट धुवावीत आणि त्याच द्रावणात टायटॅनियमही मोजून घ्यावे. झाड ते जवळजवळ घेत नाही, त्यामुळे ते जास्त दिसले तर पानावर जांभ्याची धूळ राहिली आहे, असे समजावे. आणि मुळांना मोरिन हा चमकणारा रंग लावणार असाल, तर त्याची हिरवी चमक पेशीभित्तीला बांधलेले ॲल्युमिनियम दाखवत नाही, हे ध्यानात ठेवा. त्यासाठी ल्युमोगॅलिऑन हा तसाच दुसरा रंग बरा.

तिसऱ्या वेळी मी तीन कोरे नमुने पाठवले, तिन्हींचे पूर्ण पैसे भरून. ‘अपेक्षित प्रमाण’च्या रकान्यात त्यांच्यापुढे ‘0.05 पेक्षा कमी’ (लिटरमागे मिलिग्रॅम) असे लिहिताना हात जरा थबकला. तिन्ही 0.02 च्या आसपास आले, आणि जांभळाला अखेर स्वतःचा आकडा मिळाला: किलोमागे 160 मिलिग्रॅम.