घर्षणाचा धडा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर मला प्रथम आठवला तो विज्ञानाच्या बाईंनी आठवीत शिकवलेला घर्षणाचा धडा, कारण बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांच्या देखभालीचे काम करताना त्याचा आधार मला रोज घ्यावा लागतो.

बाईंनी व्याख्या नंतर सांगितली. आधी त्यांनी एका फळीवर वीट आडवी ठेवली, फळीचे एक टोक सावकाश उचलले आणि वीट घसरू लागताच त्या टोकाशी भिंतीवर खडूने खूण केली. मग तीच वीट अरुंद बाजूवर ठेवली. फळीला टेकणारी जागा कितीतरी कमी झाली होती, तरी वीट जवळपास त्याच खुणेशी सुटली. घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर नव्हे, तर पृष्ठभागांच्या स्वरूपावर आणि त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलावर अवलंबून असते, हा फ्रेंच शास्त्रज्ञ गिलोम आमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडलेला नियम आम्ही असा डोळ्यांनी पाहिला. एकदा सुटलेली वीट मध्येच थांबत नसे. घसरत्या वस्तूवरचे गतिक घर्षण स्थिर वस्तूवरच्या स्थितिक घर्षणापेक्षा कमी असते, हेही त्यातच कळले.

कारखान्यात फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगमधील तेलाचा पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. तेथे घर्षण आम्हाला नको असते. जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरणाऱ्या गाडीचा मात्र सारा भरवसा घर्षणावरच असतो. दहा टनांची गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत वीस अंशांचे जवळजवळ २९ लिटर पाणी उकळीला येईल. ही सारी उष्णता ब्रेकवर पडली, तर लायनर, म्हणजे ब्रेकमधील घासणारी अस्तरे, तापून त्यांची पकड सुटते, म्हणूनच जाणते चालक उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनालाही भार घ्यायला लावतात.

आजच्या शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे, की हा प्रयोग विटेऐवजी टायरचा तुकडा घेऊन, आधी कोरड्या आणि मग आपल्याकडचा लाल चिखल फासलेल्या फळीवर करून दाखवावा. घर्षण निम्मे झाले की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होते आणि वेग दुप्पट असेल तर चौपट, हे खानापूरकडच्या पावसात दुचाकी चालवू लागण्यापूर्वी मुलांना कळायला हवे.